प्रकरण सतरावे : करमाळ्यात छापलेली नोटीस

"तुरुंगवास हा आपल्या घराण्याचा दागिना आहे," रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता रुद्रप्पांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "माझ्या वडिलांनी तो एकोणीसशे तीस साली, मार्शल लॉमध्ये अंगावर घातला. आज माझा... आज रेवणसिद्ध घालतोय. या घरात कुणीही मान खाली घालायची नाही."

दारावरची बेल वाजली.

रुद्रप्पांनी मान खाली घातली, आवाज तिच्याहून खाली आणला आणि म्हणाले, "ट्रेनिंग. कुणी विचारलं तर रेवणचं ट्रेनिंग चालू आहे."

दारात शेजारचे शिवयोगी हिरेमठ उभे होते. त्यांच्या फाटकावर वकिलीची आणि नोटरीची अशा दोन पाट्या होत्या, पण विजापूर रोडवरच्या या बंगल्यात ते बारा वर्षं एकच प्रश्न घेऊन येत.

"पाणी आलं का तुमच्याकडं?"

सोलापुरात पाणी तीन-चार दिवसांनी यायचं आणि हिरेमठ हल्ली रोज यायचे.

"अजून नाही," रुद्रप्पांची बायको हेमावती म्हणाली.

"आणि रेवणचं ट्रेनिंग?"

"लांबलंय जरा."

"सात महिने झाले की हो. कसलं म्हणायचं हे ट्रेनिंग?"

"निवासी," रुद्रप्पा आतून म्हणाले.

हिरेमठ गेले. रुद्रप्पांनी परत घराण्याचा दागिना हातात घ्यायच्या आधी पंख्याचं बटण पाचवरून दोनवर आणलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. जगातला कुठलाही पंखा दोनच्या पुढं गेला की माणसाचे सांधे धरतात, असं त्यांचं मत होतं, आणि मार्केट यार्डात चाळीस वर्षं कांद्याची अडत चालवल्यामुळं कुणाचंही ऐकून न घेता मत टिकवायची त्यांना सवय होती. त्यांची थोरली बहीण रत्नम्मा अक्कलकोटहून खास आजच्यासाठी आली होती. ती सोफ्यावरून न उठता हात लांब करून बटण पुन्हा पाचवर न्यायची. सकाळपासून हे सात वेळा झालं होतं.

"आपला अप्पा मार्शल लॉत गेला, ते खरं हाय," रत्नम्मा भिंतीवरच्या फोटोकडं बघत म्हणाली. "पर त्यो कडबा आणाया गेलता की रं रुद्र्या. डोईला पांढरी टोपी हुती म्हनून धरला. गांधी कोन, ते बी त्याला आत गेल्यावर कळलं."

"अक्का, ताम्रपट आहे."

"ताम्रपटावर कडब्याचं कोन लिवनार?"

हेमावतीनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला नव्हे, थांबवायला; गेल्या सात महिन्यांत हसायला सुरुवात केली की शेवट भलत्याच ठिकाणी होतो, हे तिला कळलं होतं. पण रत्नम्माचं खरं होतं. त्या आठवड्यात सोलापुरात टोपी घालणं हा गुन्हा होता, आणि ते रुद्रप्पांच्या वडिलांना, शिवशरण बिराजदारांना, कुणी सांगितलं नव्हतं. काहीही न करता ते तीन महिने आत बसून आले. आता त्यांचा नातू बसला होता, तोही काहीही न करता. पहिल्याचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागला. दुसऱ्याला ट्रेनिंग म्हणायचं ठरलं.

रेवणला कसं धरलं हे हेमावतीला पाठ होतं. परदेशातली त्याची कंपनी बुडाली तेव्हा त्याचा व्हिसा गेला, नवा अर्ज तिथल्या खात्यात पाच वर्षं पडून होता आणि तोवर दर सप्टेंबरला हजेरी लावायची होती. तो दर वर्षी जायचा, रांगेत उभा राहायचा, शिक्का घ्यायचा आणि येताना मुलीसाठी गोड वडा आणायचा, मधोमध भोक असलेला. या सप्टेंबरात त्यानं मुलीला शाळेत सोडलं, डबा हातात दिला आणि हजेरीला गेला. खिडकीवरची बाई म्हणाली, दोन मिनिटं थांबा. त्या दोन मिनिटांना आता सात महिने झाले होते. कमरेला साखळी बांधून त्याला विमानानं दोन हजार किलोमीटर लांब, लुईझियानात नेलं. एका हॉलमध्ये साठ माणसं. दिवा दिवसा चालू, रात्री चालू. आणि थंडी. सोलापुरात थंडी जानेवारीत चार दिवस येते. तिथं ती यंत्रानं बारा महिने तयार करत होते. पांघरूण एकच, तेही पातळ. दुसरं मागितलं तर अर्ज करायला सांगितला. अर्ज केला. दीड महिन्यानं उत्तर आलं की तुमचा अर्ज मिळाला.

त्याच्यावर कसलाही खटला नव्हता. साधं गाडीचं चलनही नव्हतं. त्याला कैदी म्हणायचं नसतं, असं थोरली सून शिवलीलानं सांगितलं होतं. कैद्याला निदान किती वर्षं ते माहीत असतं.

येत्या गुरुवारी त्याची सुनावणी होती. गुरुवारी तो घरी जाणार, नाहीतर इकडं परत पाठवणाऱ्या विमानात बसणार. कागद उद्या दाखल व्हायचे होते, म्हणून आज वकीलबाई सुट्टीच्या दिवशीही घरून बोलणार होती.

सहा वाजता फाटक वाजलं आणि लालसाब आले.

सत्तरीचे लालसाब शेख सहा लॉऱ्यांचे मालक. बावीस वर्षं रुद्रप्पांचा कांदा त्यांच्याच गाड्यांतून बेंगळूरला गेला. रोज सकाळी यार्डात दोघं एका बाकावर बसून एकमेकांच्या ड्रायव्हरांना आणि हमालांना नावं ठेवत चहा प्यायचे. नऊ वर्षांपूर्वी रेवणनं तिकडं लालसाबांच्या मुलीशी, नर्स असलेल्या यास्मीनशी लग्न केलं, आणि बाक रिकामा झाला; कांदा तेवढा त्याच गाड्यांतून जात राहिला. रुद्रप्पांनी सोलापुरातल्या सगळ्यात मोठ्या दैनिकात पाव पान जाहीर नोटीस दिली: 'माझा धाकटा मुलगा रेवणसिद्ध हा माझ्या सांगण्याबाहेर गेला असल्याने त्याच्याशी माझा व माझ्या कुटुंबाचा कसलाही संबंध उरलेला नाही. तमाम जनतेने नोंद घ्यावी.' तमाम जनतेनं ती घेतली. त्या दिवशी यार्डात लिलाव तासभर उशिरा सुरू झाला. कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात गेलं आणि तेव्हापासून लालसाबांनी हा उंबरा ओलांडला नव्हता.

"बसा की भाऊजी," हेमावती म्हणाली.

लालसाब खुर्चीच्या टोकावर बसले. मांडीवर फाईल. "वैनी, शेठना विचारा, तब्येत बरी आहे का."

रुद्रप्पा चार फुटांवर होते. "सांग त्यांना, बरी आहे."

"बरी आहे म्हणतात," हेमावती म्हणाली.

"वैनी, त्यांना म्हणावं, बारीक झाल्यासारखे दिसतात."

"म्हणावं, वय झालं."

"आरं, मधी बाईला कशाला पळवताय," रत्नम्मा म्हणाली. "ती काय टपालखातं हाय का?"

थोरला मुलगा गुरुशांत सध्या अडत बघायचा. भांडणात कुणाचीच बाजू न घेता दोन्हीकडच्यांना चिडवायची त्याची हातोटी होती. आज मात्र त्यानं कुणाला चिडवलं नाही. त्यानं टेबलावर लॅपटॉप मांडला, मागं एक्स्टेन्शन ओढलं. साडेसहा झाले. पडद्यावर वकील ओर्टेगाबाई आल्या: पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई, हातात कपभर कॉफी, मांडीवर मांजर. शेजारच्या चौकोनात यास्मीन होती. तिनं मान लववली. नऊ वर्षांत सासऱ्यांच्या समोर ती पहिल्यांदाच येत होती. रुद्रप्पा मांजराकडं बघत राहिले.

शाळेत इंग्रजी शिकवणारी शिवलीला दोन्ही बाजूंची दुभाषी होती. वकीलबाई काय म्हणते ते ती मराठीत सांगायची आणि घरचे काय म्हणतात त्यातलं निम्मं इंग्रजीत सांगायची.

"त्या म्हणतात, तुमची पत्रं मिळाली. वीस वर्षांत इतकी प्रेमळ पत्रं त्यांनी पाहिली नाहीत."

घरात समाधान पसरलं. रुद्रप्पा सोडून प्रत्येकानं एकेक पत्र लिहिलं होतं. वकीलबाईंनीच मागवली होती, घरच्यांची म्हणून. गुरुशांतनं वरच्या खोलीचं वर्णन केलं होतं: पश्चिमेची खिडकी बुजवली आहे, एसी बसवला आहे, बाथरूम जोडून. लालसाबांनी लिहिलं होतं की नातीला रोज शाळेत न्यायला गाडी आणि ड्रायव्हर तयार आहे. नात, म्हणजे सात वर्षांची सिद्धेश्वरी, जन्मापासून ऐकू न येणारी; तिच्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलं होतं. हेमावतीनं तशा मुलांची शाळा स्वतः जाऊन बघितली होती आणि तिथल्या बाईंचं नाव, स्वभाव आणि गावसुद्धा पत्रात घातलं होतं. रत्नम्मानं सांगितलेलं शिवलीलानं उतरून घेतलं होतं: 'पोरीच्या कानाची काळजी करू नये, आमच्या घरात समदी मोठ्यांदाच बोलत्यात.'

"आणि त्या म्हणतात," शिवलीलाचा आवाज बदलला, "यातलं एक जरी पत्र दाखल केलं, तर रेवणभाऊजी पुढच्या आठवड्यात विमानात असतील."

मांजरानं जांभई दिली.

"का म्हणून?" गुरुशांत म्हणाला. "प्रेम केलं म्हणून?"

शिवलीलानं विचारलं, ऐकलं, सांगितलं. न्यायाधीश शेवटी एकाच गोष्टीकडं बघणार. बापाला पाठवून दिलं तर तिथंच जन्मलेल्या त्या मुलीचं किती नुकसान होईल? सहन न होण्याइतकं होत असेल, तर तो राहील. सरकारी वकील तुमची पत्रं हातात घेऊन म्हणेल, नुकसान कसलं? सोलापुरात तिच्यासाठी एसी आहे, गाडी आहे, शाळा आहे, जीव टाकणारी आजी आहे. पाठवा.

"मंग येऊ दे की घरला," रत्नम्मा म्हणाली. "हितं काय वाईट हाय?"

हेमावतीच्या मनातलंच ती बोलली होती. तेरा वर्षं तिनं पोराला डोळ्यांनी बघितलं नव्हतं. येऊ दे की.

यास्मीन मराठीतच बोलली, अगदी हळू. "आत्ती, तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांच्याकडं चार वर्षं जातेय. परवा परवा तिनं पहिलं अख्खं वाक्य म्हटलं. इंग्रजीत. आता तिकडं आणलं तर पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या भाषेत. आणि नाही आणलं तर बाप दहा वर्षं दिसणार नाही, एकदा पाठवला की तेवढी वर्षं परत येऊ देत नाहीत."

"काय म्हटली?" हेमावतीनं विचारलं. "वाक्य?"

"बाबा कुठं आहे, असं."

लालसाबांनी फाईल उघडली आणि तिच्यात काहीही न बघता बंद केली. हेमावतीच्या मनातली वरची खोली, एसीसकट, तेवढ्यात बंद झाली.

वकीलबाई पुन्हा बोलू लागल्या. शिवलीला सासऱ्यांकडं न बघता सांगू लागली. "त्यांना यास्मीनकडून कळलंय की... एक नोटीस छापली होती. संबंध तोडल्याची. ती मूळ हवी, आणि अप्पांचं शपथपत्र की ती आजही लागू आहे. म्हणजे सिद्धेश्वरीला इथं घर नाही, हे दिसेल. पण त्या म्हणतात, खरं असेल तरच. खोट्यावर मी उभी राहत नाही. तुम्ही बोलून घ्या, मी अर्ध्या तासानं परत येते."

पडदा काळा झाला. गुरुशांत कपाटापाशी पोचलासुद्धा होता. त्यानं प्लॅस्टिकमधलं कात्रण आणून बापाच्या पुढ्यात ठेवलं. नऊ वर्षं हा कागद फाडा म्हणून बापाशी भांडलेला माणूस तो फुलासारखा तळहातावर घेऊन आला होता.

"अप्पा, सही करा."

"मी नाही करणार."

"फाडून टाक त्यो," रत्नम्मा म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी नोटिशीतला 'तमाम' हा शब्द तिनंच सुचवला होता. "घरचं पोरगं हाय. कसला संबंध न्हाय? मी हुते म्हनून सांगते, तवा बी चूकच झाली."

"आत्ती, तेव्हा तूच म्हणालीस की गावाला कळलं पाहिजे."

"तवा गावाला कळायचं हुतं. आता साहेबाला कळतंय."

"अप्पा, ऐका की," गुरुशांतचा आवाज चढला. "नऊ वर्षं यार्डात सांगत फिरला, मला एकच मुलगा. माझ्या तोंडावर. हमालांच्या पुढं. आता त्याचा जन्मात पहिल्यांदा उपयोग व्हायलाय, तर नाही म्हणता? एवढा कसला ताठा?"

"ताठा नाही."

"मग काय?"

रुद्रप्पा उठले आणि पंखा दोनवर केला.

लालसाब उभे राहिले. यावेळी त्यांनी वैनींना मध्ये घेतलं नाही. "शेठ. माझी मुलगी वाईट आहे म्हणून लिहा. आमचं घर नालायक आहे, लालसाब चोर आहे, बावीस वर्षं कांदा खात होता, काय पाहिजे ते लिहा. खाली साक्षीदार म्हणून मी सही करतो. पण लिहा."

"तसं कसं लिहू?" रुद्रप्पा म्हणाले. लालसाबांशी त्यांचं नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. "तुझ्या गाडीतून कधी किलोभर कांदा कमी उतरला नाही."

"मग लिहायचं तरी काय?"

"मला खोटी शपथ घ्यायला लावू नका," रुद्रप्पा म्हणाले, आणि कात्रण उपडं करून ठेवलं.

सगळे त्यांच्याकडं बघत होते, गुरुशांत रागानं, शिवलीला एक डोळा घड्याळावर ठेवून. म्हातारा अडून बसला, असं सगळ्यांना वाटत होतं. हेमावतीला माहीत होतं की म्हातारा अडकलाय. तिला ते सात वर्षांपासून माहीत होतं.

सिद्धेश्वरी जन्मली त्या महिन्यात गुरुशांतनं जेवताना, भिंतीशी बोलावं तसं, सांगून टाकलं होतं की रेवणनं मुलीचं नाव आजीचं ठेवलंय. म्हणजे रुद्रप्पांच्या आईचं. रुद्रप्पांनी ताटातली भाकरी संपवली. चार दिवसांनी ते म्हणाले, करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला जाऊन येतो. हेमावतीला नवल वाटलं. सिद्धरामेश्वराच्या देवळातसुद्धा या माणसाला ढकलून न्यावं लागतं, आणि सव्वाशे किलोमीटरवरची देवी? ते संध्याकाळी परत आले. प्रसाद आणला नव्हता. आठवडा गेला, आणि भर दुपारी, रुद्रप्पा घोरत असताना पोस्टमननं एक साप्ताहिक आणून दिलं. करमाळ्याचं. चार पानी. जाहिरातदाराला एक प्रत घरपोच पाठवायची अशी त्या संपादकाची शिस्त होती, आणि त्या शिस्तीनं घात केला. दुसऱ्या पानावर, पंपसेटची दुरुस्ती आणि हरवलेली म्हैस यांच्या मध्ये, बोटभर चौकट होती.

हेमावतीनं ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग पेपर देवघरात गुंडाळून ठेवला, देवांच्या खालच्या फडक्याखाली. नवऱ्याला विचारायचं नाही असं तिनं ठरवलं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग ते नाहीच झालं असतं.

आता ती उठली आणि देवघरात गेली. देव एका बाजूला सारले. पेपरला कापराचा वास लागला होता. ती परत आली, घडी उलगडून तिनं तो कात्रणाच्या शेजारी ठेवला, आणि कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून.

"शिवलीला, वाच बाई मोठ्यानं."

शिवलीलानं वाचलं. "जाहीर नोटीस. माझ्या मागील नोटिशीतील मजकूर रद्द समजावा. रेवणसिद्ध हा माझा मुलगा होता व आहे. त्यास कन्यारत्न झाले असून तिला माझ्या मातोश्रींचे नाव ठेवले आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. रुद्रप्पा शिवशरण बिराजदार."

पंखा दोनवर कुरकुरत होता.

"हे तुझ्याकडं कसं?" रुद्रप्पांनी विचारलं.

"पोस्टानं आलं. तुमी झोपला होता."

"सात वर्षं ठेवलंस?"

"तुमी बी ठेवलं की सात वर्षं."

"म्हणजे तुम्ही त्या वेळी करमाळ्याला..." लालसाब हळूहळू खुर्चीत बसले. "शेठ, माझ्या ड्रायव्हरनं तुमची गाडी टेंभुर्णीत पाहिली होती. मला येऊन सांगितलं. मला वाटलं, कांद्याला दुसरा ट्रान्सपोर्टवाला बघायला चोरून गेलात. महिनाभर जेवण गोड लागलं नाही मला."

"करमाळ्याला कशाला जायचं?" गुरुशांत म्हणाला. राग आता जागा शोधत होता. "सोलापुरात पेपर नव्हते? पाव पान घरातून हाकलायला, आणि बोटभर, तेही म्हशीच्या शेजारी, परत घ्यायला?"

"छाती झाली नाही," रुद्रप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून या घरात कुणी ऐकलं नव्हतं. रत्नम्मानंही नाही, आणि तिनं त्यांना चड्डी घालायला शिकवली होती.

"सोलापुरात छापली असती तर दुसऱ्या दिवशी यार्डात जावं लागलं असतं," ते म्हणाले. "लोक विचारणार. मी म्हटलं, छापली तर पाहिजे. छापली म्हणजे झालं. वाचली नाही कुणी तरी झालं."

लॅपटॉप वाजला. ओर्टेगाबाई परत आल्या, मांजर नव्हतं. शिवलीलानं मोठा श्वास घेतला आणि बराच वेळ इंग्रजीत बोलली. मधूनच ती दोन्ही कागद कॅमेऱ्यापुढं धरत होती. गुरुशांत नख कुरतडत म्हणाला, "संपलं. पहिली नोटीस खोटी पडली, हातचं गेलं." हेमावतीनं देवघराकडं बघितलं. सात वर्षं जपलेली गोष्ट तिनं नको त्या दिवशी बाहेर काढली होती.

वकीलबाईंनी चष्मा काढला. एक प्रश्न विचारला.

"त्या विचारतायत, पहिला पेपर किती खपतो?"

"लाखभर असेल," गुरुशांत म्हणाला.

"आणि दुसरा?"

"तीनशे," रुद्रप्पा म्हणाले. "संपादक पाचशे म्हणाला होता."

शिवलीलानं सांगितलं. वकीलबाई खुर्चीत पुढं सरकल्या आणि भरभर बोलू लागल्या. शिवलीला ऐकता ऐकताच सांगत होती. "त्या म्हणतात, दोन्ही पाठवा. दोन्ही. हा आजोबा नातीवर इतका जीव टाकतो, तरी ते म्हणायला त्याला सव्वाशे किलोमीटर लांब जावं लागलं, तीनशे माणसांच्या गावात... म्हणजे तीनशे वाचकांच्या पेपरात. आपल्या गावात त्याला सात वर्षं बोलता आलं नाही. मग त्या गावात ती मुलगी आईचा हात धरून रस्त्यानं कशी चालेल? हे न्यायाधीशाला वाचू दे. पण..." ती थांबली. "अप्पांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहायला पाहिजे. शपथेवर. नोटरीसमोर."

"नोटरी," गुरुशांत म्हणाला, आणि सगळ्यांची नजर भिंतीकडं गेली. भिंतीच्या पलीकडं हिरेमठ राहत होते.

रुद्रप्पांनी शिवलीलाला कागद घ्यायला सांगितलं. ते उभे राहिले, संध्याकाळी उभे होते तिथंच, पण आता हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"लिही. मी, रुद्रप्पा शिवशरण बिराजदार, वय चौऱ्याहत्तर, शपथेवर सांगतो. मी माझ्या मुलाला सोलापुरात हाकललं आणि करमाळ्यात परत घेतलं. सोलापुरात परत घ्यायची मला भीती वाटली. कुणाची, ते मला सांगता येणार नाही, कारण कुणी मला काही म्हणालं नव्हतं. मी सून बघितली ती आज, लॅपटॉपवर. नात अजून बघितली नाही. मी तिचा आजोबा असून माझी ही तऱ्हा, तर बाकीचं गाव तिच्याशी नीट वागेल अशी हमी मी देऊ शकत नाही." ते थांबले. "वरची खोली मात्र तयार आहे."

"अप्पा, ते नको."

"खरं आहे ते."

"खरं आहे, पण नको."

"मग खोड. एसीचं तरी राहू दे."

"अप्पा."

"खोड."

हिरेमठांना बोलवायला गुरुशांत गेला. ते शिक्का, रजिस्टर आणि नेहमीचा प्रश्न घेऊन आले. "पाणी आलं का?" म्हणत टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि वाचू लागले. पहिल्या परिच्छेदानंतर त्यांनी रुद्रप्पांकडं बघितलं, दुसऱ्यानंतर लालसाबांकडं. शेवटी चष्मा काढला.

"म्हणजे, ट्रेनिंग नाही?"

हेमावती नवऱ्याकडं बघत होती. खोटं बोलायला आता हरकत नव्हती. कागदावर सगळं खरं होतं, तुरुंगाचा मात्र त्यात शब्दही नव्हता; हिरेमठांना काहीही सांगता आलं असतं.

"नाही," रुद्रप्पा म्हणाले. "तुरुंग आहे. काहीही न करता. आमच्या वडिलांसारखाच."

"कडबा आणाया गेलता," रत्नम्मा म्हणाली. यावेळी तिला कुणी अडवलं नाही.

हिरेमठांनी शिक्का शाईत बुडवला आणि एवढ्या जोरात मारला की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. "सात महिने मी रोज पाण्याचं विचारायला येतोय," ते म्हणाले. "पाणी माझ्याकडं बुधवारी, शनिवारी येतंच. घरात काहीतरी बिनसलंय हे दिसत नव्हतं का मला? सांगायचं की हो." मग रजिस्टर बगलेत मारून ते निघाले, आणि उद्या सकाळपर्यंत विजापूर रोडला सगळं कळलेलं असणार, हे समजून रुद्रप्पांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

कागद गेले. वकीलबाईंनी मिळाले म्हणून अंगठा दाखवला. गुरुवारी काय होईल याचा त्यांनी शब्द दिला नाही. आधी काहीच नव्हतं, आता काहीतरी आहे, एवढंच म्हणाल्या. हेमावतीला तेवढं पुष्कळ वाटलं. त्या लग्नाआधी लालसाब यार्डातून रुद्रप्पांसोबत येऊन बसायचे तेव्हा करायची तसा, आलं जास्त आणि साखर कमी असा चहा तिनं केला, आणि दोघं सोफ्यावर शेजारी बसून ड्रायव्हरांना नावं ठेवू लागले.

आठ वाजता यास्मीनचा फोन आला. रेवणला तिथून फक्त तिच्या नंबरला बोलता यायचं, पंधरा मिनिटं. तिनं एक फोन दुसऱ्या फोनला लावून धरला होता. धरला होता म्हणजे, पडद्यावर दोन छोटे हात दिसत होते, आणि त्यांच्यामागं, कानाशी काळं बटण असलेलं, गंभीर तोंडाचं एक लेकरू. दोन फोन हलू नयेत म्हणून तिनं जीभ दातांत धरली होती.

रुद्रप्पांच्या आईची तशीच सवय होती. भाकरी थापताना.

"अव्वा?" रेवणचा आवाज पाण्याखालून यावा तसा आला.

"बोल बाळा. जेवलास?" हेमावती म्हणाली. मग गुरुशांत बोलला, मग शिवलीला, लालसाब, रत्नम्मा. रत्नम्मा एवढ्या मोठ्यानं की लेकराला यंत्राशिवायही ऐकू गेलं असावं. कुणीतरी नोटिशीचं सांगितलं, करमाळ्याचं सांगितलं, म्हशीचंही.

"अप्पा आहेत?" मग रेवण म्हणाला.

हेमावतीनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. गडी चौऱ्याहत्तर वर्षांचा, यार्डात हजार माणसांपुढं बोली पुकारलेला. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. तेवढ्यात एक यांत्रिक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"एक मिनिट राहिलंय," शिवलीला कुजबुजली.

नऊ वर्षांत काय काय साठलं असेल, त्यातलं एका मिनिटात कोणतं काढणार?

"अप्पा, मी ऐकतोय," रेवण म्हणाला. त्याचे दात वाजत असल्यासारखे वाटले, किंवा लाईन खराब असेल.

"रेवण," रुद्रप्पा म्हणाले, "तिथल्या साहेबाला सांग की. पंखा जरा दोनवर ठेवा म्हणावं."